साल्मेनं विचारलं

आमच्या किह्नू बेटावर समुद्रावर निघालेल्या माणसाला 'कुठे निघालास?' असं विचारत नाहीत. विचारलं की त्याचा दिवस वाया गेलाच म्हणून समजा. जाळं रिकामं येतं, इंजिन अर्ध्या वाटेत बंद पडतं, शिकारीसाठी हेरलेलं सील समोरून पाण्यात उतरून जातं. माझा ह्यावर विश्वास आहे का? मुळीच नाही. मग मी विचारते का? तेही नाही.

पण माझी शेजारीण साल्मे हिच्यापुढे आम्ही बाकीच्या बायका म्हणजे अगदीच कच्च्या. साठीकडे झुकलेली बाई, आडव्या बांध्याची, लाल पट्ट्यांचा घागरा नेसून साइडकारच्या मोटारसायकलवरून बेटभर धुरळा उडवत जाणारी. बोलायला चार हात पुढे. पण प्रश्न विचारायचा नाही म्हणजे नाही. नवरा मिहकेल सकाळी कुठले बूट चढवतो, कुठलं जाळं खांद्यावर टाकतो, पाव किती बांधून घेतो, एवढं तिनं पाहिलं की तो कुठे चाललाय आणि कधी येणार हे तिला कळायचं. मग ती त्याला बंदरावर सोडायची आणि लगेच पाठ फिरवून चालू लागायची. होडी सुटताना बघत उभं राहिलं तर तोंडातून चुकून तो शब्द निघेल, ही भीती.

त्या भीतीला कारण होतं. साल्मेचा बाप सीलच्या शिकारीतला नावाजलेला माणूस. ती लहान असताना एका पहाटे तो घसरगाडी ओढत बर्फावर निघाला होता. ही दारातून ओरडली, "बाबा, कुठे चाललात?" बाप जागच्या जागी थांबला. मागे वळला, गाडी आवारात आणली, बंदूक खुंटीला लावली आणि बूट काढून चुलीपाशी बसला. मुलीला एक शब्द बोलला नाही. त्या वसंतात त्यांच्या घरात सीलची चरबी आली नाही, नुसत्या उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढले. बापानं रागावून दोन ठेवून दिल्या असत्या तर पोर विसरून गेली असती. तो बोलला नाही, म्हणून ते तिच्या मनात रुतून बसलं.

आता साल्मेला पाहिजे होतं काय, तर स्वतःच्या नावावर होडी चालवायचा परवाना. रशियन अंमल होता तेव्हा आमच्या किनाऱ्यावर सैनिकांचा पहारा असायचा. साल्मे तरुणपणी परवानगी मागायला गेली, तर कचेरीतला माणूस हसला होता. "नवरा समुद्रावर, बायकोही समुद्रावर? मग तुम्ही दोघं समुद्रापलीकडे स्वीडनला कॉफी प्यायला जाणार, आणि मी इथे बसून काय करू?" ती परत आली आणि मासळीच्या कारखान्यात उभी राहून हेरिंग साफ करत राहिली. पुढे देश स्वतंत्र झाला, सैनिक गेले, मिहकेलचं कमरेचं दुखणं वाढलं, त्याची मोठी होडी धक्क्याला बांधून राहिली. उन्हाळ्यात परदेशी पाहुणे यायला लागले, आणि एकेकाला सील बघायचं असायचं. साल्मे म्हणाली, "होडी आहे, सील आहेत, मी आहे. आणखी काय लागतं?"

आणखी इंग्रजी लागत होतं. प्रवासी न्यायचे असतील तर तोंडी परीक्षा, आणि ती इंग्रजीतून.

म्हणून हिवाळ्यात आम्ही दोघी शाळेत जाऊन बसलो. मी का? तर ती म्हणाली, "एकटी बसले तर लोक मला हसतील. तू असलीस की तुला हसतील." शिकवायला ट्रिनू बाई. मुख्य भूमीवरच्या तार्तू शहरातून आलेली पोरगी, माझ्या धाकटीच्या वयाची, पण बाईच. तिनं आमच्यासाठी युक्ती केली होती. धड्यात राणीचा राजवाडा नाही की लंडनची बस नाही. धडा सीलवर. सील समुद्रात राहायला कसं घडलंय ते. एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं, सगळं वर्तमानकाळात.

मी विचारलं, "डज द सील हॅव इअर्स?"

साल्मेनं ठणकावून उत्तर दिलं. आहेत, पण बाहेर पाळी नाही, नुसतं भोक, आणि बुडी मारताना तेही मिटून जातं. नाकपुड्यांचंही तसंच, त्या एरवी मिटलेल्याच असतात, श्वास घ्यायचा तेव्हा उघडायच्या. आम्हाला निम्म्या गोष्टी लहानपणापासून माहीत होत्या, इंग्रजी नव्हतं एवढंच. पण सगळ्याच माहीत होत्या असं म्हणू नये. सील खोल जाण्याआधी छाती भरून घेत नाही, उलट श्वास सोडून देतं आणि रक्तात साठवलेल्या हवेवर राहतं, काळजाचे ठोके अगदी मंद करतं, हे ट्रिनू बाईंनी सांगितल्यावर साल्मेनं पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे रिकामं होऊन जातं?" ती म्हणाली. "आम्ही समजत होतो, भरून घेऊन जातं."

तसंच मिशांचं. जन्माचं आंधळं सीलसुद्धा चांगलं गुबगुबीत सापडतं, हे तिच्या बापानं तिला सांगितलं होतं. का ते त्यालाही माहीत नव्हतं. पाण्यात मासा हलला की त्याची लाट सील मिशांनी ओळखतं, हे बाईंनी सांगितलं तशी साल्मेनं टेबलावर थाप मारली. "बघ व्हेरा! माझ्या बापाला हे ऐकायला मिळायला पाहिजे होतं."

पण मग पाळी उलटली. आता साल्मेनं विचारायचं होतं. पहिलाच प्रश्न, 'सील कुठे जातं?' तिनं वही मिटली.

"म्हणा ना, साल्मे मावशी," ट्रिनू बाई म्हणाल्या. "व्हेअर डज द सील गो?"

"मी सांगते ते कुठे जातं. खाली जातं. मग श्वास घ्यायला वर येतं. झालं?"

"उत्तर नको. प्रश्न."

"उत्तर आहे तर प्रश्न कशाला हवा?"

"मावशी, परीक्षेत तुम्हालाच विचारायचंय. समजा एखादी होडी तुम्हाला बोलावतेय. तुम्ही काय विचाराल?"

"काही नाही. जाऊन बघेन."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मग मी त्यांना बाजूला घेऊन बूट आणि बटाट्यांची सगळी हकिगत सांगितली. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. "पण हे तर इंग्रजी आहे," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत थोडंच बाधतं?" मी म्हटलं, तुम्ही तार्तूच्या, तुम्हाला काय कळणार.

एक मात्र खरं, सराव तिनं सोडला नाही. 'काय', 'किती', 'केव्हा', 'का', सगळे प्रश्न ती घरी मोठमोठ्यानं घोकायची. बटाटे सोलताना सील काय खातं, चूल पेटवताना सील का थरथरत नाही, आणि उत्तरंही आपणच द्यायची. मिहकेल पलीकडच्या खोलीत जाळी विणत बसलेला. मी विचारलं, "तुला कंटाळा नाही येत रे?" तो म्हणाला, "बायको इतकी वर्षं बोलतेय. आता ती काय बोलते ते कळत नाही, तेवढीच विश्रांती." फक्त 'कुठे' तिच्या तोंडून निघत नव्हतं. ती तो शब्द ओठांशी आणायची, घागरा मुठीत धरायची आणि गिळून टाकायची.

बर्फ वितळल्यावर ती मुख्य भूमीवर परीक्षेला गेली. लाल घागरा, नवी ओढणी, मोटारसायकल पुसून लख्ख केलेली. संध्याकाळच्या फेरीबोटीनं परत आली तेव्हा मी धक्क्यावर उभी होते. तिचा चेहरा बघून मी काहीच बोलले नाही. आमच्याकडे ही सोय असते, कुणी विचारत नाही.

तिनंच सांगितलं. सीलचं सगळं बरोबर आलं. परीक्षक बाई खूशही होती. मग ती म्हणाली, आता मी धुक्यात हरवलेली होडी आहे, मला प्रश्न विचारा. साल्मेनं किती माणसं आहेत ते विचारलं, कुणी आजारी आहे का ते विचारलं, पाणी आत येतंय का तेही विचारलं. पण ती होडी कुठे आहे आणि कुठे चाललीय, हे काही विचारलं नाही.

"मग ती म्हणाली, तुम्ही मला कसं शोधणार? पुन्हा जूनमध्ये या."

"मग?"

"मग काय? बरोबरच बोलली ती." साल्मे मोटारसायकलवर बसली. "व्हेरा, तो एक शब्द मला येत नसेल, तर होडी माझ्या नावावर होण्यात काही अर्थ नाही."

मला तिचा राग आला, खरं सांगते. एवढी दांडगी बाई, आणि एका शब्दापायी हात टेकते! घरी जाऊन मी माझ्याच नवऱ्यावर ओरडले. त्याला कारण कळलं नाही, पण सवय आहे त्याला.

मे महिन्यात आमच्याकडे धुकं पडतं. पाणी थंड असतं, वरची हवा उबदार झालेली असते, आणि बघता बघता समोरचं कुंपणसुद्धा दिसेनासं होतं. अशाच एका दिवशी बंदराचा राखणदार मुख्य भूमीवर गेला होता आणि त्याच्या खोपटात रेडिओपाशी मिहकेलला बसवून गेला होता. दुपारी मिहकेलनं निरोप पाठवला की रेडिओवर कुणीतरी इंग्रजीत बोलतंय, लगेच ये. साल्मे आणि मी बटाटे लावत होतो. तशाच मातीच्या हातांनी मोटारसायकलवर बसून गेलो.

डच माणूस होता. शिडाच्या होडीत तो आणि त्याची बायको. इंग्रजी त्याचंही उसनंच, त्यामुळे मलासुद्धा समजत होतं. अजिबात घाबरलेला नव्हता तो. म्हणाला, धुकं दाट आहे पण काळजी नको, आम्ही बंदराच्या अगदी जवळ आलोय. इंजिनवर हळूहळू आत येतोच आहोत. धक्क्याच्या कुठल्या अंगाला होडी बांधू, तेवढं सांगा.

मी मिहकेलला मतलब सांगितला. तो म्हणाला, "डावीकडे सांग, उजवीकडे फेरीबोट लागते." झालं काम. मी तर परत जायला उठलेसुद्धा.

साल्मे मात्र उत्तर देईना. ती दारात गेली, बाहेर कान लावून उभी राहिली. मग आत आली.

"जवळ आहे म्हणतो. मग इंजिन का नाही ऐकू येत?"

मिहकेलनंही कान टवकारले. बाहेर काहीच नव्हतं, एका समुद्रपक्ष्याचा आवाजसुद्धा नाही.

साल्मेनं रेडिओचा माइक हातात घेतला. बटण दाबलं. आणि दाबूनच ठेवलं. मी तिच्याकडे बघत होते. तिच्या डाव्या हातात घागऱ्याचा काठ होता, आणि हात मातीनं भरलेला. तो माणूस समुद्रावर होता. खराखुरा, परीक्षेतला नव्हे. मिहकेल टेबलापलीकडून तिच्याकडे बघत होता.

"व्हेअर डू यू गो?" साल्मे म्हणाली.

आवाज असा आला की मिहकेल दचकला. तिकडून माणूस हसला. म्हणाला, अहो, तुमच्याकडेच! गाण्याच्या आवाजावर चाललोय. तुमच्या बायका किनाऱ्यावर गाताहेत ना. खूप बायका आहेत. फार सुंदर गातात, जरा रडक्या सुरात.

मी हसले नाही. आमच्या बायका गातात हे जगाला माहीत आहे, पण त्या दुपारी किह्नूच्या सगळ्या बायका बटाट्याच्या शेतात वाकलेल्या होत्या. आणि मे महिन्यात जुने केस झडायला आलेली करडी सीलं कुठे पडून असतात, पडल्या पडल्या कशी लांब सुरात विव्हळतात, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बेटाच्या दक्षिणेला पाण्यात अर्धे बुडालेले खडक आहेत, आम्ही त्यांना काळी रांग म्हणतो. तिथे.

साल्मे आता थांबायला तयार नव्हती. "डू दे सिंग नाऊ?"

हो, गाताहेत.

"डू दे स्टॉप?"

रेडिओवर नुसती खरखर. मग तो म्हणाला, हो, आता थांबलं. विचित्रच. पाण्यात काहीतरी पडतंय. एक. आणखी एक. लोक पाण्यात उड्या मारताहेत का?

होडी अगदी जवळ आली की सील गाणं टाकून पाण्यात उतरतं.  साल्मेनं त्याला इतक्या जोरात सांगितलं की रेडिओची गरजच नव्हती. त्या बायका नाहीत, सीलं आहेत. तुम्ही दगडांत आहात. इंजिन बंद करा, नांगर टाका, आत्ता. नो गो! नो गो! व्याकरण चुकलं असेल. ट्रिनू बाई तिथे नव्हत्या.

मग आम्ही मोठी होडी सोडली. सुकाणूवर साल्मे, पुढे मी, भोंगा वाजवायला. मिहकेल धक्क्यावर उभा राहून लोखंडी कांब बडवत राहिला, परतीचा आवाज कानात राहावा म्हणून.  साल्मे होकायंत्र बघत होती आणि मधूनमधून इंजिन बंद करून ऐकत होती. एकदा होडीच्या अगदी शेजारी एक ओलं डोकं वर आलं, नाकपुड्या उघडल्या, फुस्स करून श्वास घेतला आणि आमच्याकडे बघत राहिलं. साल्मे त्याला आमच्याच भाषेत म्हणाली, "तुझ्या गाण्यापायी काय झालंय बघ, बाई." ते खाली गेलं. थोड्याच वेळात डच बाई भांडं वाजवताना ऐकू आली, आणि धुक्यातून त्यांची डोलकाठी दिसली. होडीच्या पुढ्यात खडक होता. इतका जवळ, की त्यावर सीलचे झडलेले केस चिकटलेले मला दिसले.

आम्ही त्यांना दोर बांधून परत आणलं. संध्याकाळी दोघं साल्मेच्या स्वयंपाकघरात बसून धुरावलेली हेरिंग आणि काळा पाव खात होती. मला बाई, अभिमान आवरेना. दुसऱ्या दिवशी मी दुकानात, चर्चच्या दारात, दूध घालायला गेले तिथे, सगळीकडे सांगितलं. कुणी दोनदा ऐकलं असेल तर ऐकलं असेल.

जूनमध्ये साल्मे परत परीक्षेला गेली. परीक्षक बाईनं पुन्हा धुक्यातली होडी व्हायचं ठरवलं, आणि साल्मेनं तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत विचारलं, तू कुठे आहेस आणि कुठे निघालीस? बाई म्हणाली म्हणे, जरा श्वास तर घेऊ द्या. परवान्यावर साल्मेचं पूर्ण नाव छापून आलं. तिनं तो कागद मिहकेलपुढे धरला. त्यानं चष्मा लावून वाचला. मी तिथेच होते, कॉफी ओतत होते.

"चांगलं झालं," तो म्हणाला. मग चष्मा काढता काढता, "त्या डच माणसाला विचारलंस."

"तो दगडांवर जात होता."

"मीही कधीकधी जात होतो. मला नाही विचारलंस कधी."

"तुला कशाला विचारायचं? तुझे बूट बघितले की कळत होतं मला."

"बूट!" मिहकेल म्हणाला. "बुटांशी लग्न केलं असतंस तर कमी खर्चात पडलं असतं." मग त्याची थट्टा संपली. तो कपाकडे बघत म्हणाला, "होडी सुटली की मी दर वेळी मागे बघायचो. तू आपली पाठमोरी. मला माहीत होतं का ते. तरी वाटायचं, एकदा कुणीतरी विचारावं."

 साल्मेनं माझ्या हातातून कॉफीचं भांडं घेतलं आणि त्याचा आधीच भरलेला कप पुन्हा भरला. बशीत सांडली.

दुसऱ्या सकाळी मिहकेल छोटी होडी घेऊन निघाला. कमरेनं लंगडतो, पण किनाऱ्याजवळची जाळी तो सोडत नाही. मी धक्क्यावर मासे घ्यायला आले होते, आणखीही दोन-चार बायका होत्या. साल्मे त्याला सोडायला आली. त्यानं दोर सोडला. ती पाठ फिरवणार म्हणून मी बाजूला झाले, तर ती तिथेच उभी. तोंड समुद्राकडे.

"मिहकेल!" ती ओरडली. "व्हेअर डू यू गो?"

बायकांच्या हातातल्या टोपल्या जागच्या जागी राहिल्या. एकीनं छातीवर क्रूसाची खूण केली.  इंग्रजीत बाधत नाही, असं विश्वास नसूनही मी मनातल्या मनात ट्रिनू बाईंचं वाक्य म्हटलं.

मिहकेलनं वल्ही थांबवली. तो कधी वर्गात आला नव्हता. एकही धडा त्यानं वाचलेला नव्हता. पण सबंध हिवाळा तो भिंतीपलीकडे बसून जाळी विणत होता, आणि साल्मे बटाटे सोलत मोठमोठ्यानं घोकत होती.

"द सील गोज डाऊन," तो तिथून ओरडला, एकेक शब्द वेगळा करून. "द सील कम्स अप!"

साल्मे इतकी हसली की तिला धक्क्यावरच्या खांबाला धरावं लागलं, आणि त्यात ती रडतही होती, ते सगळ्यांनी बघितलं. तिनं लपवलं नाही. होडी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच उभी होती.

दुपारी मिहकेल परत आला. जाळ्यात मासे होते. नसते तरी साल्मेनं पुढच्या सकाळी विचारलंच असतं.